डबल बेल

नील पेनरोझ या इंग्रजानं सतरा वर्षं शर्यतीच्या गाड्या चालवल्या होत्या आणि युरोपात तीन मोठे कप मारले होते. पण नाचणगावात त्याची सगळी किंमत एकाच शब्दापाशी अडकून बसली होती: ड्रायव्हर. आणि हा शब्द गेला होता जागृतीच्याच तोंडून. दोन महिन्यांपूर्वी आईनं फोनवर विचारलं, "काय करते तो?" आणि ही बया घाईघाईत बोलून गेली, "ड्रायव्हर आहे." पुढचं आईनं ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की कवडूची पोरगी इंग्लंडात जाऊन इंजिनीअर झाली आणि शेवटी ड्रायव्हर पकडून बसली.

बरं, कवडू तरी कोण? एसटीचा रिटायर ड्रायव्हर! एकोणतीस वर्षांत एक अपघात नाही. त्याचा बिल्ला काचेच्या कपाटात, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेला. पण त्याच्या बायकोनं, कांताबाईनं, ती एकोणतीस वर्षं ताट झाकून, रस्त्याकडं कान लावून काढली होती. म्हणून पोरगी जन्मली तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, हिच्या नशिबी ड्रायव्हर नको.

आणि आता तोच ड्रायव्हर तीन दिवसांपासून त्याच्या घरी मुक्कामाला होता. कवडू ना हो म्हणत होता, ना नाही. जागृतीनं नीलला आधीच सांगून ठेवलं होतं, बाबांच्या होकाराशिवाय लग्न नाही. परवा परतीचं विमान होतं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यात कवडूची ती सवय. कवडूनं एसटी सोडली, पण एसटीनं कवडूला सोडलं नव्हतं. घरात कोणी फार बोलायला लागलं, की तो चमचा ताटावर एकदा वाजवायचा. टण! म्हणजे थांबा. दोनदा वाजवला, की चला. तीन दिवसांत नीलच्या बाबतीत डबल बेल एकदाही झाली नव्हती.

"चोवीस तास गाडी चालवते म्हणते," जेवताना कवडूनं पुन्हा तेच दळण काढलं. "मंग पोचते कुठं?"

"कुठंच नाई बाबा. गोल गोल फिरते."

"प्यासेंजर?"

"नसते."

"मंग धावते काऊन?"

जागृतीनं कपाळाला हात लावला. हे तिनं कालही समजावलं होतं, परवाही. एका गाडीवर तीन ड्रायव्हर पाळीपाळीनं बसतात, हेही सांगून झालं होतं. त्यावर सीताबाई आत्या म्हणाली होती, "म्हंजे याले पुरी नोकरी बी नाई!"

"नाव तरी चांगलं आहे, नील," कवडू म्हणाला. "अपघात किती?"

हाच प्रश्न ती तीन दिवस टाळत होती. पण नीलनं 'अपघात' हा शब्द इतक्यांदा ऐकला होता, की तो त्याला पाठ झाला होता. खोटं बोलणं त्याला जमत नसे. त्यानं दोन्ही पंजे वर केले आणि मग एक बोट.

टण! घासाकडं वळलेला नीलचा हात तिथंच थांबला.

"अकरा बार गाडी ठोकली अन् याले कोणी घरी नाई बसवलं?" आत्या म्हणाली.

"अवो आत्या, रेस आहे ते! ठोकतेच तिथं!" जागृती आता पुरती वैतागली. तिनं मोबाइल काढला आणि बापाच्या नाकासमोर धरला. "हे पाहा कप. हे पाहा, पहिला नंबर. हे पाहा..."

आणि एक फोटो तिनं भरकन पुढं सरकवला.

"हे काऊन सोडलं? मागं घे."

फोटोत नील हेल्मेट मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला होता. बाजूला गाडी उभी होती.

"काई नाई बाबा. हारला होता."

"कसा?"

तिनं मान खाली घातली. ताटाकडं पाहूनच बोलली.

"दोन वर्षं झाले. चोवीस तासांतले सात मिनटं राह्यले होते, अन् हा पहिला होता. याच्या गाडीच्या टायरचं काम मीच पाह्यत होती. मले स्क्रीनवर दिसलं, टायर जाऊन राह्यला. मी रेडिओवर म्हणलं, थांब. हा थांबला."

"मंग?"

"टायर चांगला होता. स्क्रीनच खोटी होती. पोरीच्या बोलण्यानं जितलेली गाडी थांबवली म्हणून पेपरवाले हासले. दुसऱ्या वर्षी याले कोणी गाडी नाई देली. माह्यामुळं संपलं याचं, बाबा."

चमचा वाजला नाही. कवडू फोटोकडं पाहत होता.

"तुले काई बोलला?"

"पाणी मांगतलं. अन् म्हणे, पुन्हा दिसलं तर पुन्हा सांगजो."

एकोणतीस वर्षांत कंडक्टरनं चुकून दिलेल्या घंटीवर कवडू कितीदा थांबला होता, आणि प्रत्येक वेळी मागच्या सीटवरून शिव्या खाल्ल्या होत्या. त्यानं एकदाही मागं वळून कंडक्टरला बोल लावला नव्हता.

"पण अकरा अपघात, त्याचं काय?" कांताबाईनं हळूच विचारलं.

"ते त्यानं ठोकले. पोरीनं थांब म्हणलं तवा तर थांबला नं?"

कवडूनं चमचा उचलला.

टण, टण.

एक टण झाली की घास थांबवायचा, एवढंच नील शिकला होता. त्यानं घास तसाच धरून जागृतीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अवं, रडून काऊन राह्यली?" कवडू खेकसला. "त्याले सांग, जेव म्हणा."