सगळ्यात गुबगुबीत ठिपका

माझ्या नाकावर राग असतो, हे ब्लांटायरच्या आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मंगळवारी मी चिडले ती स्वतःवर.

ताकोंद्वा तीन वर्षांची. एचआयव्ही घेऊनच जन्मलेली, आई गेल्यावर आजीनं सांभाळलेली. मार्चपासून ती तिसऱ्यांदा तापानं फणफणत वॉर्डात आली होती, आणि तिन्ही वेळा तिच्या रक्तात साल्मोनेलाचे जंतू सापडले. इंजेक्शनं दिली की ताप उतरायचा, पोरगी घरी जायची आणि पुन्हा यायची. नर्सनी आजीला, गोगो नाफिरीला, धारेवर धरलं होतं. तुमच्या घरातलंच कुणीतरी जंतू देतंय, तुम्ही पाणी उकळत नाही, हात धूत नाही. म्हातारी मान खाली घालून ऐकायची. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं.

या वेळी तीन दिवस इंजेक्शनं देऊनही ताप हटेना. मंगळवारी वॉर्डाचे डॉक्टर म्सिस्का स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"टियामिके, तुझा रिपोर्ट म्हणतो औषध लागू पडतं. जंतूंना कुणी कळवलेलं दिसत नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्यापर्यंत काही सापडलं तर बघ. पोरगी हातातून चाललीय."

आमच्याकडची पद्धत अशी. रक्तातले जंतू प्लेटवर वाढवले की शेकडो ठिपके उगवतात, एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूची प्रजा. त्यातला एकच ठिपका उचलायचा, नव्या प्लेटवर पसरायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडलं की औषध लागू. टिकल्या नेहमीच कमी, म्हणून सगळ्यात गुबगुबीत ठिपका निवडायचा, तो हमखास वाढतो. हे मला प्रयोगशाळेतल्या बुजुर्ग काचिंग्वेंनी, आमच्या बाम्बोंनी म्हणजे बाबांनी, वीस वर्षांपूर्वी शिकवलं, आणि माझ्यामागून आलेल्या सगळ्यांना मी शिकवलं.

मी ताकोंद्वाची प्लेट खिडकीशी धरून तिरकी केली. गुबगुबीत ठिपक्यांच्या मधेमधे खसखशीएवढे बारीक ठिपके होते. असले ठिपके मी हजारदा पाहिले होते आणि मरतुकडे समजून सोडून दिले होते. स्वतःचाच राग आला. या वेळी मी पाच मोठे उचलले आणि पाच बारीक.

दहा प्लेटा मांडलेल्या पाहून काचिंग्वे म्हणाले, "कुणाचं लग्न आहे का? टिकल्या उधळतेस ती."

"बाम्बो, आज मला बोलू नका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणं उघडली. मोठ्या पाचांभोवती सुरेख रिंगणं होती. बारीक पाच मात्र त्या इंजेक्शनाच्या टिकलीला खेटून वाढले होते, एवढंसंही अंतर न ठेवता. शेजारीच दुसऱ्या औषधाची टिकली होती, तिच्याभोवती दहाही प्लेटांवर रिंगण. काचिंग्वेंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि स्वतःच म्सिस्कांना फोन लावला. नऊच्या आत नवं औषध सुरू झालं.

पण हे बारीक आले कुठून? मार्च आणि मेमधल्या रक्ताच्या बाटल्यांतला थोडाथोडा अंश आम्ही फ्रीजरमध्ये ठेवला होता. तो काढून मी पुन्हा पसरला, आणि मार्चच्या प्लेटवरसुद्धा शंभरात दोन-तीन बारीक ठिपके सापडले. सगळे नमुने जनुकं वाचणाऱ्या यंत्राकडे दिले. तिसऱ्या दिवशी ताकोंद्वाचा ताप उतरला, चौथ्या दिवशी तिनं पेज मागून घेतली.

पाचव्या दिवशी निकाल आला. तिन्ही वेळचे, मोठे काय नि बारीक काय, सगळे एकाच कुळातले. जनुकांच्या लाखो अक्षरांत जेमतेम सात-आठ अक्षरांचा फरक. ते बाहेरून आलेच नव्हते. मार्चपासून तिच्याच शरीरात दडून हळूहळू बदलत होते. दर वेळी इंजेक्शन मोठ्यांना मारायचं आणि बारकांना रान मोकळं करून द्यायचं. मला इतका आनंद झाला की मी टेबलांच्या मधून नाचले. काचिंग्वेही दुखरे गुडघे विसरून नाचले. मग आठवलं, मार्चच्या रिपोर्टवर सही माझी आहे.

तशीच वॉर्डामागच्या, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या शेडमध्ये गेले. गोगो चुलीवर मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा घोटत होती. तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सरळ सांगून टाकलं.

"म्हणजे घरातून नाही आलं?"

"नाही, गोगो. तुमच्या पाण्यातून नाही, कुणाच्या हातातून नाही. चूक माझी होती."

तिनं डाव खाली ठेवला.

"मग उलेमूला परत आणू?"

उलेमू म्हणजे ताकोंद्वाची सात वर्षांची बहीण. दोघी एका ताटात जेवायच्या, एका चटईवर झोपायच्या. मे महिन्यात नर्सचं ऐकून गोगोनं तिला मंगोचीला मावशीकडे धाडलं होतं, तुझ्यामुळे बहीण मरेल असं सांगून.

मी माझ्या फोनवरून मावशीचा नंबर लावला आणि पोरीला बोलवायला सांगितलं. गोगोनं हातानंच खूण केली, तूच सांग, म्हणून फोन माझ्याच कानाशी राहिला.

"ताकोंद्वा मेली का?" पलीकडून बारीक आवाज आला.

"नाही गं, बाळा. चांगली जेवतेय. आणि तुझ्यामुळे तिला काहीही झालं नव्हतं. मी स्वतः तपासून सांगतेय."

"मग मी आजच येऊ?"