बाळूच्या कॅमेऱ्याची परीक्षा

आधीच सांगतो, चूक माझी. उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवू नका.

एक्याण्णव साली बाळूच्या मेव्हण्यानं मस्कतहून एसएलआर कॅमेरा आणला. आमच्या पनवेलच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात कुणाचाही नवा कॅमेरा आधी माझ्याकडे यायचा. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आणि कॅमेऱ्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा माझा समज होता. आठवडाभर वापरायचा, बरंवाईट वहीत लिहायचं, रविवारी मंडळात वाचायचं.

भिंगाची खरी कसोटी म्हाताऱ्या चेहऱ्यावर लागते. सुरकुती न् सुरकुती सुटी दिसली पाहिजे. दारावर कोळंबी घेऊन येणारी रोडपालीची चंद्रावती दोन वर्षं मागे लागली होती, "मास्तर, आयचा येक तरी फोटू काढा. जन्मात येक पन नाय तिचा." म्हटलं चला, एका दगडात दोन पक्षी.

तिची आई रंभाबाई सत्तरीची, विधवा. धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. तोंडात दात नव्हते, पण काय गोड हसली हो! मी दर फोटोला शटरचा वेग बदलत होतो. तोंडानं "वा, आजी!" आणि लक्ष सगळं शटरच्या आवाजात. छत्तीस फोटो काढले.

वहीत लिहिलं: आवाज मोकळा, उजेडाचं मीटर चोख, वजन हाताला बरं. रोल न धुताच रविवारी वाचूनसुद्धा टाकलं. टाळ्या पडल्या. मग शाळेचे पेपर तपासायला आले आणि रोल राहिला. चंद्रावती दोनदा विचारून गेली. "होईल गं, पळून चाललाय का फोटो?" मी फटकारलं.

तिसऱ्या आठवड्यात तिचा भाऊ सुदाम आला. रंभाबाई गेल्या. "दहाव्याला फोटू लागल," म्हणाला.

घाईघाईनं न्हाणीघराचं दार लावलं, फटीत गोधडी कोंबली आणि रोल धुतला. काचेसारखा कोरा! रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. छत्तीस वेळा मी खटका दाबला आणि रोल जागचा हलला नव्हता. रोल पुढे सरकवायचा दांडा ओढताना डावीकडचं बटण फिरतंय का एवढंच बघायचं असतं. नवख्यांना यावरून मी शिव्या घालायचो.

रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हात धुतले, चहा प्यायलो. चहाला चव नव्हती.

तसाच माझा जुना कॅमेरा खांद्याला अडकवून रोडपालीला गेलो. कशासाठी घेतला, विचारू नका, सवय. चंद्रावती तांदूळ निवडत होती. सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती निवडतच राहिली.

"येक बी नाय?"

"एकही नाही."

ती आत गेली आणि आईचं लुगडं नेसून आली. "सगली म्हनतात, माझा तोंड आयचा हाय. माझाच काढा." आणि पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

"अगं, नवरा जिवंत आहे तुझा! त्या फोटोला हार घालतील. जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का?" मी ओरडलो.

"मंग काय कोऱ्या भिंतीला घालू?"

काढला फोटो. या खेपेला चांगला आला. डोळ्यांखालच्या रेषासुद्धा सुट्या दिसत होत्या.

दहाव्याला गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? खाडीच्या काठी पाटावर फोटो ठेवला होता. बायका म्हणाल्या, "रंभाच बसलेय जशी." सुदामनं हार घातला. माझ्या आत काहीच हलत नव्हतं, दगड झाला होता नुसता.

तेवढ्यात चंद्रावतीची पाच वर्षांची स्नेहल गर्दीतून पुढे आली. तिनं फोटो बघितला, हार बघितला आणि किंचाळली, "माझी आय मेली!"

चंद्रावतीनं धावत येऊन तिला उचललं. "मी हाय गो, ही बघ मी हाय," म्हणत राहिली. पोर तिच्या तोंडाकडे बघेचना, फोटोकडे हात करून रडत होती.