अध्यक्षीय अंक

आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष कोंडाजीराव यांना अंकांकडून एकच अपेक्षा असे, आज्ञाधारकपणाची. १९८९ साली आमच्या नाशिकच्या महाविद्यालयात संगणक आला, तेव्हा त्यांनी पडद्याला कुंकू लावले आणि गणिताचा विभागप्रमुख म्हणून मला विचारले, की हा सांगितलेले ऐकतो का.

ऐकतो, हे मैना पगारे यांनी सिद्ध करून दाखवले. मैनाबाई चार वर्षे हंगामी अध्यापिका होत्या. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी संस्था त्यांना काढून टाकी आणि जूनमध्ये पुन्हा घेई. द्राक्षाची छाटणीदेखील याहून अधिक विचाराने होते. सी प्लस प्लस ही नवी भाषा त्या उसन्या पुस्तकावरून शिकल्या होत्या. तिच्यात आपल्या गरजेप्रमाणे संख्येचा नवा प्रकार घडवता येतो, आणि त्या प्रकारात बेरीज म्हणजे काय, मोठे कोण, लहान कोण, हेही घडवणाराच ठरवतो. त्यांनी एकर-गुंठ्यांचा प्रकार केला. एक एकर तीस गुंठ्यांत वीस गुंठे मिळवले, तेव्हा यंत्राने दोन एकर दहा गुंठे असे उत्तर दिले.

कोंडाजीराव सायखेड्याचे बागाईतदार. त्यांना ते क्षणात उमगले.

"म्हणजे मोठं कोण, ते आपण ठरवायचं?"

"हो, साहेब."

"मग इतकी वर्षं आम्ही उगाच हातानं करत होतो."

त्याच महिन्यात कायम पदाची मुलाखत होती. उमेदवार तिघे: मैनाबाई, अध्यक्षांच्या साडूंचा मुलगा, आणि कळवणकडच्या एका पुढाऱ्याचा भाचा. निवड संगणक करील, सबब ती निःपक्षपाती असेल, असे अध्यक्षांनी जाहीर केले. त्यासाठी 'गुण' नावाचा अंक-प्रकार लिहिण्याचे काम त्यांनी मैनाबाईंनाच दिले. नाही म्हणावे तर जूनचे बोलावणे येणार नव्हते. उमेदवाराकडूनच तराजू करवून घेण्यात काही गैर आहे, असे संस्थेत कोणालाही वाटले नाही.

शब्द देणे हा कोंडाजीरावांचा स्वभावधर्म होता. दिलेले शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहणे हा मात्र नव्हता. साडूंच्या घरी जेवताना त्यांनी शब्द दिला, की मुलगा पगारेबाईंच्या वर राहील. पुढाऱ्याला दिला, की भाचा साडूपुत्राच्या वर राहील. मी मैनाबाईंची रदबदली करायला गेलो, तेव्हा मलाही उदारपणे सांगितले, की त्या भाच्यापेक्षा बाई केव्हाही वर. तिन्ही वाक्ये त्यांनी मैनाबाईंना वेगवेगळ्या दिवशी येऊन ऐकवली, आणि प्रत्येक वेळी बजावले, की एवढे प्रकारात घालाच.

मी मैनाबाईंना विचारले, काय लिहिलेत?

"साहेबांनी सांगितलं ते सगळं, सर. काही गाळलं नाही."

मुलाखतीच्या दिवशी विद्यापीठाचे प्रतिनिधी आले. ते वाळलेल्या चेहऱ्याचे, कमी बोलणारे प्राध्यापक होते. कळफलकाला उमेदवाराने हात लावू नये, असे त्यांनी सुचवले, तेव्हा कार्यालयाचे कारकून भिकाजी बसले. यंत्राची रीत कुस्तीच्या दंगलीची होती: पहिल्या दोघांची जोड लावायची, जिंकेल त्याच्यासमोर तिसरा आणायचा. मुलाखती झाल्यावर भिकाजींनी अर्ज आले त्या क्रमाने नावे आणि परीक्षकांचे गुण भरले. साडूपुत्र पहिला आला. अध्यक्षांनी पेढे मागवण्याची खूण केली.

पडताळा म्हणून प्रतिनिधींनी नावांचा क्रम बदलायला सांगितले. भाचा पहिला आला. दाराशी बसलेल्या पुढाऱ्याच्या माणसाने समाधानाने तंबाखू मळायला घेतली. अध्यक्ष म्हणाले, यंत्र तापले असेल, पुन्हा करा. प्रतिनिधींनी क्रम आणखी एकदा बदलायला लावून पुन्हा केले. मैनाबाई पहिल्या आल्या.

तोवर पेढे येऊन पोचले होते. ते कोणाच्या हातावर ठेवावेत, हे शिपायाला कळेना.

प्रतिनिधींनी माझ्याकडे खुलासा मागितला. मी म्हणालो, यंत्र निर्दोष आहे. प्रत्येक जण दुसऱ्या कोणापेक्षा तरी मोठा असावा, अशी त्याला आज्ञा आहे, म्हणून शेवटी उतरेल तो जिंकतो. आज्ञा कोणाची, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी फक्त कोंडाजीरावांकडे पाहिले, आणि कोंडाजीरावांनी पंख्याकडे.

"साध्या पूर्णांकांत करा," प्रतिनिधी म्हणाले.

"साध्या बेरजेची सोय आहे का यात?" अध्यक्षांनी खरोखरच्या काळजीने विचारले.

"जन्मापासून आहे, साहेब," मैनाबाई म्हणाल्या.

त्यांनी भिकाजींकडून 'गुण' हा एक शब्द खोडवून घेतला आणि त्याजागी साध्या पूर्णांकाचा शब्द घालायला लावला. त्यांचे हात मात्र मांडीवर घट्ट धरलेले होते, कारण परीक्षकांनी दिलेले गुण त्यांनाही ठाऊक नव्हते. उत्तर आले: पगारे एकाहत्तर, साडूपुत्र चोपन्न, भाचा एकोणपन्नास. क्रम उलटसुलट करूनही ते हलले नाही. प्रतिनिधींनी तिथल्या तिथे सही केली आणि कागद कोंडाजीरावांपुढे सरकवला. विद्यापीठाच्या सहीखाली सही न करण्याचे धैर्य त्या घराण्यात नव्हते.

सही वाळण्यापूर्वीच अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. गुणवत्तेपुढे नातेगोते न पाहणारी ही जिल्ह्यातली पहिलीच संस्था, असे ते म्हणाले, आणि पहिला पेढा त्यांनी स्वतः खाल्ला. दुसरा मैनाबाईंना देताना खाली वाकून हळूच विचारले, की प्रवेशाच्या वेळी तो आधीचा प्रकार पुन्हा मिळेल ना.

मैनाबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि तो पूर्ण गिळून होईपर्यंत त्यांना उभे ठेवले.

"आता मी कायम आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "नाही मिळणार."