अजून एकदा, बाळा

आई टेबलापाशी बसून मटार सोलत होती, आणि आईचाच आवाज बाथरूममधून आला.

"ऊठ बाळा. अजून एकदा. या वेळी जमेल बघ."

आईचा हात शेंगेवरच थांबला. "कोण बोललं गं?" तिने थोरलीला विचारलं.

हातातला कोबीचा दांडा तसाच टाकून थोरली धावली आणि बाथरूमच्या दारावर मुठी आपटू लागली. धाकट्याने बऱ्याच वेळाने कडी काढली. अंगावर पाण्याचा थेंब नाही, हातात फोन.

"काय आहे ताई? माणसाला इथेही सुख नाही."

"दाखव फोन."

"माझा आहे."

तिने तो हिसकावून घेतला. पडद्यावर पत्ते मांडलेले होते, वर लाल अक्षरांत 'हरलात' आणि खाली गालांवर लाली फासलेली एक चित्रातली म्हातारी. म्हातारीने हात पसरले आणि पुन्हा तोंड उघडलं. "ऊठ बाळा. अजून एकदा. या वेळी जमेल बघ."

आई मागे येऊन उभी होती. "माझा आवाज आहे हा," ती म्हणाली.

"मिळताजुळता असेल असं वाटलं मला," धाकटा म्हणाला. "दोन महिने ऐकतोय."

"दोन महिने? आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस?" थोरली किंचाळली.

"काय सांगणार होतो? आईच म्हणते अजून एकदा, म्हणून खेळतो, असं?" आणि तो हसला. नको तिथे हसायची त्याची खोड जुनी.

आई हसली नाही. नोकरी गेल्यापासून धाकटा या पत्त्यांच्या नादी लागला होता. त्याला तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत आईने विनवण्या केल्या, शपथा घातल्या, दोनदा जेवणही सोडलं. "तीन वर्षं मी तुला सोड म्हणतेय," ती एवढंच म्हणाली, "आणि तिकडे मीच तुला खेळायला बस म्हणतेय."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गंमत अशी, की ओरडायचं कोणावर? आवाज विकला होता तिनेच.

थोरलीचा धंदा आवाजांचा. खेळ बनवणाऱ्यांना लागणारे आवाज ती घरीच तयार करायची आणि इंटरनेटवरच्या बाजारात मांडायची. कोबीचा दांडा मोडला की हाड मोडतं, ओला टॉवेल फरशीवर आपटला की मासा तडफडतो. अकरा वर्षांत तिने असे चार हजारांवर आवाज जमवले होते आणि घर त्यावरच चालत होतं. चार वर्षांपूर्वी तिने आईला कपड्यांच्या कपाटात बसवून, समोर माइक धरून 'म्हातारीचे चाळीस आवाज' केले. आई घामाघूम झाली होती. "तू मला मेल्यावर तरी बाहेर काढशील ना?" असं म्हणाली होती. तेही रेकॉर्ड झालं होतं, ते तेवढं थोरलीने विकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाजाराच्या मदत केंद्राला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक माणूस आला. अगदी गोड बोलणारा.

"मॅडम, परवाना तुम्हीच लिहिलाय. वाचून दाखवू? कुठल्याही खेळात, कुठल्याही कामासाठी, कायमचा."

तिला ते माहीत होतं. दुकान उघडताना तिने दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानातला मजकूर जसाच्या तसा उतरवला होता. सुटसुटीत वाटला होता. यालाच म्हणतात आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा.

"अहो, तो जुगार आहे!"

"जुगार नको असेल तर तसं परवान्यात लिहायचं असतं, मॅडम. रेकॉर्डिंगचा हक्क तुमचाच आहे, तो कोणी घेतलेला नाही. वापरायची मुभा तुम्ही दिलीत आणि त्यांनी घेतली."

"ती माझी आई आहे."

"अच्छा. मग त्यांचं संमतीपत्र पाठवा. बोलणाऱ्याची लेखी परवानगी वेगळी लागते. आहे ना?"

"नाही," थोरली म्हणाली. "आईकडून कोण सही घेतं?"

"पण आवाज टाकताना परवानगी आहे अशी खूण तुम्ही केलीय, मॅडम." माणसाचा आवाज खाली आला. "नसेल तर तसं लेखी कळवा. तो आवाज आम्ही काढू, त्या कंपनीलाही काढावा लागेल. पण खोटी खूण केली म्हणून तुमचं दुकान बंद होईल. सगळंच."

"आणि असेल तर?"

"तर प्रश्नच मिटला. त्यांचा खेळ चालू, तुमचं दुकान चालू. मी संमतीपत्राचा नमुना पाठवतो. आज सही घ्या, तारीख जुनी टाका. सगळेच टाकतात."

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या मऊ मऊ बोलण्यानेच तिचं डोकं फिरलं. तिने फोन ठेवला, तो ठेवला कसला, आपटला.

नमुना तिने छापून आणला आणि टेबलावर ठेवला, आईला सगळं नीट सांगितलं. काही लपवलं नाही.

धाकटा दारात टेकून ऐकत होता. "कर ना सही, आई," तो म्हणाला. "ताईचं दुकान जाईल नाहीतर. मी आवाज बंद करून खेळीन."

"तू गप!" थोरली एवढ्या जोराने ओरडली की शेजारच्या घरातला रेडिओ बारीक झाला.

आईने चष्मा लावला. कागद पूर्ण वाचला, बोट ठेवून ठेवून. मग म्हणाली, "आण पेन."

"आई—"

"तुझी अकरा वर्षं आहेत त्यात. घर त्यावर चालतं. माझ्या घशाचं काय एवढं? म्हातारीचा घसा."

"तू हो म्हणाली होतीस का, आई?"

"तू विचारलंस कुठे?" आई रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "तू म्हणालीस, पोरांचा खेळ आहे, झाडावरून पडलेल्या पोराला आजी उठवते. मी पोराला उठवलं. पुढचं मला काय माहीत?"

थोरलीने आईच्या हाताखालून कागद ओढला आणि फाडला. पुन्हा फाडला, तुकड्यांचे तुकडे होईपर्यंत फाडत राहिली. मग कोऱ्या कागदावर लिहिलं: मी संमती घेतली नव्हती. मी खोटी खूण केली. हा आवाज विकण्याचा मला हक्क नव्हता.

खाली तिच्या सहीशेजारी आईने सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं.

गुरुवारी दुकान बंद झालं. हाडं, मासे, जिने, दारं, सगळे आवाज दिसेनासे झाले आणि त्या जागी दोन ओळींची सूचना आली. थोरलीने संगणकालाच तोंडाला येईल ते सुनावलं. आठ दिवसांनी जुगाराच्या खेळातूनही म्हातारीचा आवाज गेला. पण ज्यांनी खेळाची नवी आवृत्ती घेतली नाही, त्यांच्या फोनमध्ये तो राहील, असं बाजाराकडून आलेल्या पत्रात बारीक अक्षरांत होतं. असे लोक किती आणि कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. धाकट्याने नवी आवृत्ती घेतली. तो अजून खेळतो.

जेवायची वेळ झाली की आई स्वयंपाकघरातूनच अशी हाक मारायची, की वरच्या मजल्यावरची माणसंही पानं मांडायला घेत. आता ती एकेकाच्या खोलीपर्यंत चालत येते, चौकटीवर दोनदा टकटक करते आणि वर बघेपर्यंत उभी राहते.

"आई, हाक मार ना गं," एकदा थोरली म्हणाली.

आईने नकारार्थी मान हलवली आणि ती ताटं घ्यायला आत गेली.