दुसऱ्या पानावरची अट

मित्रांनो, ही २००३ सालची गोष्ट. तेव्हा मी कोरी करकरीत होते. आज मी कोपरे दुमडलेली, अडगळीच्या खोक्यात पडलेली औषधांची एक जुनी यादी आहे. आरोग्य विमा कंपनीने मला छापून औषधांच्या दुकानात पाठवले. माझ्यात नाव असेल ते औषध विम्यातून मिळणार. नसेल, तर तुमचे तुम्ही बघा.

दुकानाच्या औषधवाल्या ताई मला दिवसातून वीसदा चाळत. "ही आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असे म्हणत. मी फुगून जाई.

माझ्यात फक्त जेनेरिक औषधेच होती. जेनेरिक म्हणजे मूळ औषधातलाच घटक, तितकीच मात्रा, फक्त बड्या कंपनीचे नाव नाही, असे ताई सगळ्यांना समजावत. माझ्या दुसऱ्या पानावर मात्र बारीक अक्षरांत आणखी एक अट होती: ते औषध निदान दोन कंपन्या बनवत असतील, तरच ते जेनेरिक. ती ताईंनीही वाचली नव्हती.

शिवणकाम करणाऱ्या मावशींना फिट यायची. त्यांची गोळी जेनेरिक म्हणून विम्यातून मिळे. मग ती बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीने ती बनवणे थांबवले. मावशींची गोळी तीच, पाकीट तेच, आणि विमा बंद!

ताईंनी विमा कंपनीला फोन लावला. "साहेब, गोळी बदलली का? नाही ना? मग?"

"व्याख्येत बसत नाही, मॅडम. दुसरं पान बघा."

"व्याख्येला फिट येते का हो? आमच्या मावशींना येते!"

पलीकडून फोन ठेवला गेला.

"मावशी, न्या तशीच. पैशांचं नंतर बघू."

"नको गं बाई, घरात आहेत अजून."

होत्या, पण मावशी दोनऐवजी एकच घेऊ लागल्या. नवव्या दिवशी मशीनवर बसल्या असतानाच फिट आली. सुई बोटातून आरपार गेली.

मला हात असते, तर ते पान मीच टराटरा फाडले असते! मित्रांनो, घरातले विम्याचे कागद आजच काढा. बारीक अक्षरे मोठ्याने वाचा. समजले नाही, तर लाजू नका, भांडा.

साहेबांना पुढे बढती मिळाली. ताई अजून दुकानात आहेत आणि अजून चिडतात. तेव्हा त्यांनी मावशींच्या गोळीसाठी डॉक्टरांचे पत्र जोडून केलेला अर्ज चार महिन्यांनी मंजूर झाला. तोवर मावशींचे बोट ताठ होऊन शिवणकाम सुटले होते. मंजुरीच्या पत्रात दोनच शब्द ठळक छापले होते: अपवाद म्हणून.