मिरवणुकीचं शेपूट आणि माझ्यावरचा बाण

मी एक जुना, लाकडी, काळा फळा आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर तुमच्यापैकी कितीजण माझे मित्र होते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही कर्कटकाच्या टोकानं माझ्यावर नावं कोरलीत आणि पुसलंत ते शर्टाच्या बाहीनं. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

घोडपदेवच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अकरावी-बारावीचा फिजिक्सचा क्लास भरतो. तिथल्या पुढच्या खोलीसाठी दौलत सुतारानं मला बनवलं. दोन फळ्या त्यानं अशा जोडल्या की सांधा अजून बोटाला लागत नाही. क्लास तेव्हा एरिक सरांचा होता. ते गिरगावातून बसनं येत, खडूच्या पावडरनं पांढरी झालेली बाही झटकत परत जात. पहिल्याच दिवशी त्यांनी ऑइल पेंटनं माझ्या वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक पांढरा बाण काढला. गणित कसलंही असो, सर आधी त्या बाणाला बोट लावत. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. मग विचारत, "मोजतंय कोण? रस्त्यावर उभा असलेला, की चालत्या गाडीत बसलेला?" हे ठरल्याशिवाय ते कुणालाही सूत्राला हात लावू देत नसत. मुलं वैतागायची, पण तिथून गेलेल्यांना वेग आणि चाल यांतला फरक कधी पुन्हा विचारावा लागला नाही.

एकोणीस वर्षांनी सरांचे गुडघे जिन्याला कंटाळले आणि क्लास हर्षवर्धनकडे गेला. त्याला मी सर म्हणणार नाही. 'पंधरा सेकंदांत उत्तर' ही त्याची जाहिरात. हाताची घडी घातलेल्या स्वतःच्या फोटोचं पोस्टर त्यानं आणलं आणि नेमकं माझ्या बाणावर चिकटवलं. दिशा विचारणाऱ्याला तो म्हणे, वेळ कुणाला आहे. मला त्याचा तेव्हापासून राग आहे आणि तो कमी झालेला नाही.

यंदा त्यानं एक चाचणी घेतली. वरचे चाळीस जण पुढच्या खोलीत बसणार, त्यांना तो स्वतः शिकवणार. उरलेल्यांनी मागच्या खोलीत बसून छापील नोट्स वाचायच्या. चाचणीत एक गणित असं होतं: सहाशे मीटर लांबीची मिरवणूक मिनिटाला वीस मीटर पुढे सरकते आहे. एक कार्यकर्ता मागच्या टोकाकडून निघून, रस्त्यावर मोजलं तर मिनिटाला शंभर मीटर वेगानं, पुढच्या टोकापर्यंत धावतो आणि लगेच त्याच वेगानं मागच्या टोकाशी परत येतो. रस्त्याच्या हिशेबानं त्याचं विस्थापन किती?

हर्षवर्धननं माझ्यावर भलंमोठं शून्य काढलं. जिथून निघाला तिथेच आला, संपलं, पुढचं घ्या. ते शून्य मला अंगावर बाळगावं लागलं. सगळ्यांनी तसंच लिहिलं होतं; फक्त लालबागच्या मेघनानं दोनशे पन्नास मीटर लिहिलं होतं. ती उभी राहिली.

"सर, मी दरवर्षी मिरवणुकीत पाणी वाटते. निघताना शेपूट पिठाच्या गिरणीपाशी असतं, परत येते तेव्हा औषधाच्या दुकानापाशी. जागा तीच नसते ना."

वर्ग हसला. हर्षवर्धन म्हणाला की पाणीच वाट मग. तुम्हीही तिथे असतात तर हसला असतात, मित्रांनो, मला खात्री आहे. मेघनाचं नाव यादीत एकेचाळिसावं लागलं. तेवढ्या एका गणिताचे दोन मार्क मिळाले असते तर ती पुढच्या खोलीत बसली असती.

त्याच आठवड्यात पुढच्या खोलीत गुळगुळीत पांढरा बोर्ड आला. माझीही रवानगी मागच्या खोलीत झाली, पोस्टरसकट. तिथल्या ओलीनं पोस्टरचा कोपरा सुटला आणि मेघनानं तो ओढला. बाण दिसल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं खडू घेतला. जाताना मिरवणूक पुढे पळते, म्हणून शंभरातून वीस गेले, ऐंशी, साडेसात मिनिटं. येताना शेपूट समोरून येतं, म्हणून एकशेवीस, पाच मिनिटं. साडेबारा मिनिटांत शेपूट दोनशे पन्नास मीटर पुढे. खडू ठेवून ती घरी गेली. इतक्या वर्षांत मला असं बरं वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी, खोल्या रिकाम्या असताना, हर्षवर्धन नोट्सचा गठ्ठा न्यायला आला. त्यानं ते वाचलं, नाक मुरडलं आणि पुसून टाकलं. मग थांबला. गणित स्वतः मांडलं. दोनशे पन्नास आलं. पुसून पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. तो बाकावर बसला. मला वाटलं, आता यादी दुरुस्त करेल. त्यानं कोरडं डस्टर घाईघाईनं फिरवलं आणि कुलूप लावून गेला.

पण खडू त्यानं रागानं दाबला होता. सोमवारी मेघनाला पुसट आकडे दिसले. तिच्या पाचाला वर टोपी असते. या पाचाला नव्हती. हर्षवर्धन नोट्स द्यायला आत आला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सर, हे तुमचं अक्षर आहे."

हर्षवर्धननं माझ्याकडे पाहिलं, मग बाणाकडे. उद्यापासून पुढच्या खोलीत बस, एवढंच तो पुटपुटला आणि वळला.

"आधी पुढच्या खोलीत सांगा, सर," मेघना म्हणाली. "त्यांच्या वह्यांत अजून शून्य आहे."

तो गेला. मग भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला: मिरवणुकीचं गणित काढा, शून्य खोडा. ते कुणी दाखवून दिलं, हे काही तो बोलला नाही. त्याला मी माफ केलेलं नाही.

मेघना आता पलीकडे बसते आणि मी इथेच आहे. फळ्याची निगा राखा वगैरे मी म्हणणार नाही, तुम्ही राखणार नाहीच. माझ्यावर खिळे ठोका, नावं कोरा, ओलीत सडू द्या. पण मित्रांनो, बाणावर काही चिकटवू नका.