पन्नासच्या खाली दिवे बंद

रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं, म्हणून काकूंनी शुक्रवारीच बॅटरीवाल्या पोरीला बोलावून घेतलं. बॅटरी मेली असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, कुणाच्या गळ्यात आपली पीडा मारायची नाही, असा काकूंचा खाक्या होता.

गाडी म्हणजे चालतंफिरतं घर. मागे पलंग, मधे शेगडी आणि फ्रिज, खिडकीशी दोघांपुरतं टेबल आणि बाकं. काकांनी चौतीस वर्षं बस चालवली होती, काकूंनी तितकीच वर्षं वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले होते. निवृत्तीनंतर काकूंना वाटलं होतं, हा माणूस आता स्टिअरिंगचं नाव काढणार नाही. काकांनी ही गाडीच दारात आणून उभी केली.

गाडीत काकांचा एक कायदा होता. दिवे, पंप, फ्रिज सगळं ज्या बॅटरीवर चालायचं तिची टक्केवारी दारावरच्या छोट्या पॅनेलवर दिसायची. आकडा पन्नासच्या खाली गेला की दिवे बंद. काकू कितीही गयावया करोत, हातातल्या रहस्यकथेतला खुनी चार पानांवर येऊन ठेपलेला असो, काकांचा हात बटणावर जायचाच. बसमध्येही त्यांनी डिझेलची टाकी कधी निम्म्याच्या खाली जाऊ दिली नव्हती. मग दोघं अंधारात खिडकीशी बसून गप्पा मारायची. काकू आधी थोडा वेळ रुसायच्या आणि मग बोलायला लागायच्या. सहा वर्षं असंच चाललं होतं.

यंदा डॉक्टरांनी काकांना झोपेत लावायचं श्वासाचं मशीन दिलं. तेही रात्रभर त्याच बॅटरीवर. गेल्या सहलीत काकूंना पहाटे जाग आली, पॅनेलवर पाहिलं तर अकरा टक्के. मशीन मधेच बंद पडलं तर? त्यांनी काकांना उठवून उशीला टेकवून बसवलं, मशीन काढलं आणि उजाडेपर्यंत त्यांचा हात हातात धरून ठेवला. घरी आल्यावर काकूंनी जाहीर केलं, "बास झालं फिरणं. गाडी विकायची."

"बरं," काका म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी इतक्या पटकन 'बरं' म्हटल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं. काकूंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माणूस घाबरला की त्याला शंका घ्यायलाही सवड नसते.

बॅटरीवाली पोरगी चटपटीत होती. बाकाची गादी उचलून तिने आत डोकं घातलं, मीटर लावून बराच वेळ तपासलं आणि म्हणाली, "काकू, दोन्ही ठणठणीत आहेत."

"दोन्ही काय?"

"बॅटऱ्या. शंभर-शंभरच्या दोन आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकूंनी वाकून पाहिलं. खरंच दोन होत्या, शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने.

"पॅनेलला मात्र एकच सांगितलीय," पोरगी बटणं दाबत म्हणाली. "हे बघा, क्षमता शंभर. हवी दोनशे. पॅनेल काही बॅटरीत डोकावत नाही हो. त्याला फक्त किती आत गेलं नि किती बाहेर आलं तेवढं कळतं. डबा केवढा, ते आपण सांगायचं. डब्यात दोन किलो साखर आणि चिठ्ठीवर लिहिलंय एक किलो. मग किलोभर संपली की चिठ्ठी म्हणणार, डबा रिकामा."

"म्हणजे त्या पहाटे अकरा दाखवत होतं तेव्हा..."

"निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. पण ज्यानं हे केलंय ना, तो अडाणी नाही हं. ही जातच अशी, निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर खराब होते. इथलं शून्य म्हणजे तिथलं निम्मं. मुद्दाम हात राखून ठेवलंय कुणीतरी."

कुणीतरी! घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवणारा 'कुणीतरी' बाहेर पुढची काच पुसत होता. काकूंनी मनातल्या मनात गणित मांडलं. शून्याला निम्मं, तर पन्नासला पाऊण. म्हणजे पाऊण बॅटरी भरलेली असताना हा माणूस दिवे घालवत होता. पहिला राखलेला हात बॅटरीसाठी, हे पटलं. पण दुसरा कशासाठी?

त्या खाली उतरल्या. "अहो, दुसरी बॅटरी कधी बसवलीत?"

काकांचं फडकं काचेवर थांबलं. "तू ताईकडे गेली होतीस, त्या आठवड्यात."

"सहा वर्षं झाली! आणि मग पन्नासला दिवे का घालवत होता?"

काकांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसली. "तू एकदा पुस्तकात शिरलीस की बाहेर येत नाहीस," ते म्हणाले. "दिवा गेला की बोलायचीस."

काकू भडकल्या. "गोष्ट ऐन रंगात आलेली असायची! सहा वर्षांत एक खुनी त्याच दिवशी सापडला नाही मला!" आणि मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "पण मग परवा का नाही बोललात? मी गाडी विकायला काढली, तरी नुसतं 'बरं'?"

"मला वाटलं, तू कंटाळलीस. आजारी माणसाला कुठे कुठे घेऊन फिरणार? बॅटरीचं निमित्त सापडलंय तुला, तर कशाला अडवा."

"कंटाळले?" काकूंचे डोळे भरून आले. "घाबरले होते हो मी. तुमचा श्वास अडकला तर, एवढंच डोक्यात होतं. तुमच्याशिवाय मला घरीसुद्धा राहायचं नाही, आणि म्हणे कंटाळले!"

काकांनी फडकं खिशात कोंबलं आणि काकूंचा हात धरला. ओलाच हात होता, पण काकूंनी सोडवून घेतला नाही.

आतून पोरीने हाक मारली, "काकू, दोनशे करू का?"

"थांब, मी करते," काकू म्हणाल्या. पोरीने दाखवलं तसं त्यांनी स्वतः एकेक बटण दाबलं, पन्नासला घंटा लावून घेतली आणि बॅटऱ्या पूर्ण भरल्यावर पॅनेल शंभर दाखवतं याची खात्री केली. संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन केला. गाडी विकायची नाही, चूक झाली, माफ करा.

पुढच्या आठवड्यात गाडी एका तळ्याकाठी उभी होती. मशीनने रात्रभर बिनबोभाट काम केलं होतं आणि सकाळी आकडा सत्तरच्या वर होता. दिवसभर उन्हात छतावरच्या सौर पट्ट्यांनी पुन्हा भर घातली. दिवेलागणीला काकू पुस्तक घेऊन बसल्या. आठच पानं उरली होती आणि खुनी कोण, याचा त्यांना अंदाज येऊ लागला होता. समोर काका खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते. बिचाऱ्यांकडे आता काही निमित्तच उरलं नव्हतं.

काकूंनी पानात खूण घातली आणि दाराकडे पाहिलं. पॅनेलवर चौऱ्याऐंशीचा आकडा ठळक दिसत होता.

"अहो, पन्नासच्या खाली गेलं वाटतं," असं म्हणून त्यांनी दिवा बंद केला.

काकांनी पॅनेलकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"हो की," ते म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी काकूंना जागा करून दिली.